टायरची हवा, चेनचा ताण आणि साडीगार्ड

नांदुऱ्याचा 105 फुटी हनुमान महामार्गावरून लांबूनच दिसतो. मुंबईकडून कोलकात्याला जाणारा हा रस्ता, पूर्वीचा 6 नंबर आणि आताचा 53. समृद्धी महामार्गही आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातून, मेहकर-सिंदखेडराजाच्या बाजूने जातो खरा, पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. म्हणून नाशिक-धुळ्याकडून मोटारसायकलवर नागपूरला निघालेला गडी अजूनही मलकापूर, नांदुरा, खामगाव करतच जातो. मूर्तीपाशी गाडी लावतो, फोटो काढतो, चहा घेतो. गाडीच्या दोन्ही अंगांना पेट्या, पुढे जादा दिवे, हँडलला मोबाइलचा होल्डर. आणि चेनवर लाल गंज.

हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता नवल वाटत नाही. सामानावर हजारो रुपये जातात आणि शेपन्नास रुपयांच्या तेलाची आठवण राहत नाही. वर गाडीविषयीचं ऐकीव ज्ञान आपल्याकडे उदंड. त्यातलं काही जुन्या गाड्यांच्या काळी खरं होतं, काही कधीच खरं नव्हतं.

सुरुवात हवेपासून करू, कारण सगळ्यात धोक्याचा गैरसमज तोच आहे. मे महिन्यात पारा 44 च्या वर गेला की पंक्चरच्या दुकानात हमखास सल्ला मिळतो, "भाऊ, उन्हाळ्यात हवा थोडी कमीच ठेवत जा, नाही त टायर फुटते." ऐकायला पटतं. गरम झालं की हवा फुगणार, मग आधीच कमी भरलेली बरी. प्रत्यक्षात होतं ते उलटं. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त वाकते, आणि त्या वाकण्यानेच टायर आतून तापतो. डांबराच्या उष्णतेपेक्षा ही आतली उष्णता वाईट. मागे माणूस, पेट्यांत सामान, 80 चा वेग आणि कमी हवा असं सगळं जुळून आलं की मग टायर खरोखरच फुटतो.

हवा तापून दाब वाढतो हे खरंच आहे. पहाटे 28 पीएसआय असलेला टायर दुपारी 30 अंशांनी तापला, तर दाब साधारण चार पीएसआयने वाढतो. पण कंपनीने सांगितलेला आकडा थंड टायरचाच असतो आणि ही वाढ त्यात धरलेली असते. तेव्हा हवा सकाळी निघण्याआधी तपासायची. पंप लांब असेल तर छोटा गेज खिशात ठेवा. तापलेल्या टायरमधली 'जास्तीची' हवा सोडणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कमी हवेवर निघतो. एकट्याचा आकडा वेगळा, मागे माणूस असतानाचा वेगळा. दोन्ही आकडे बहुतेक गाड्यांवर चेनकव्हर किंवा स्विंगआर्मपाशी स्टिकरवर छापलेले असतात. चिखलाने झाकले असतील तर पुसून बघा. नायट्रोजनचं म्हणाल, तर साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. फुकट मिळाला तर भरा, पण त्यासाठी वाट वाकडी करू नका.

"इंजिन तापतं, दर 50 किलोमीटरला गाडी थंड करा." हा सल्ला यझदी-राजदूतच्या जमान्यातला. त्या टू-स्ट्रोक गाड्यांत पेट्रोलमध्ये मिसळलेलं तेलच इंजिनला वंगण द्यायचं. तेल कमी पडलं, चढ लागला, की पिस्टन जाम. आजचं फोर-स्ट्रोक इंजिन वाऱ्यावर पळताना ठरावीक तापमानाला येऊन स्थिरावतं आणि तासन्‌तास तिथेच राहतं. ते त्रासतं गाडी उभी असताना. रेल्वेचं फाटक लागलंय, गाडी चालू ठेवून आपण उन्हात उभे आहोत, तेव्हा हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वाराच मिळत नाही. फाटकाशी बंद करा. तासा-दीड तासाने जरूर थांबा, पण ते स्वतःसाठी. डोकं उन्हाने जड होतं, हात सुन्न होतात, पाणी प्यायचं राहून जातं. आणि थांबल्यावर प्रेमाने इंजिनावर पाण्याची बाटली ओतू नका. तापलेल्या धातूवर एकदम गार पाणी पडलं की तो एका बाजूने आकसतो, आणि तडा जाण्याचं भय तिथेच असतं.

आता चेन. गाडी मधल्या स्टँडवर लावून मागचं चाक हाताने सावकाश फिरवा. दोन चक्रांच्या बरोबर मध्ये, खालच्या बाजूची चेन बोटाने वर ढकला आणि पट्टी लावून बघा. बहुतेक गाड्यांना तिथे अडीच ते साडेतीन सेंटिमीटरचा खेळ लागतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकात आहे, आणि ते पुस्तक सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत, शोरूममधून आणल्यापासून न उघडलेलं आहे. चाक फिरवत चार जागी मोजा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून सगळ्यात ताठ जागेवरचं माप खरं धरायचं.

इथेच दुसरा मोठा गैरसमज बसलेला आहे. 'चेन टाइट केली की गाडी ओढते चांगली.' मिस्त्रीही गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी ती तारेसारखी ताणून देतो. पण मागे माणूस बसला, दोन्ही पेट्या भरल्या, खड्डा आला, की मागचा भाग खाली दबतो आणि बहुतेक गाड्यांत चेन आणखी ताणली जाते. तिला द्यायला ढील उरलेली नसली तर तो ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो, चक्राचे दात झिजवतो. थोडी सैल चेन आवाज करून सांगते तरी. ताठ चेन काही न सांगता आतलं खात राहते.

वंगणाचंही तसंच. जाड ग्रीस फासलेली चेन दिसायला मायाळू वाटते. आपल्याकडची धूळ तिला चिकटली की त्याचं घासायचं मलम तयार होतं. त्यापेक्षा 90 नंबरचं गिअर ऑइल किंवा चेनचा स्प्रे बरा. तोही सकाळी निघताना मारू नका, संध्याकाळी पोचल्यावर मारा. चेन तेव्हा कोमट असते, तेल आत मुरायला रात्र मिळते आणि सकाळी ते मागच्या टायरवर उडत नाही. साधारण 500 किलोमीटरला एकदा, पावसाळ्यात त्याआधीच. ओ-रिंगवाल्या चेनच्या कड्यांत रबराच्या बारीक चकत्या असतात आणि कंपनीने भरलेलं ग्रीस त्या आत धरून ठेवतात. पेट्रोलने धुतलं की हे रबर बिघडतं, तारेच्या ब्रशने फाटतं. रॉकेल किंवा चेन क्लीनर घ्या, सोबत जुना दात घासायचा ब्रश. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. इंजिन चालू करून, गिअर टाकून, फिरत्या चेनला फडकं लावू नका. फडकं ओढलं गेलं की त्यामागे बोट जातं.

ऑइल काळं पडलं म्हणजे खराब झालं, हेही खरं नाही. काजळी उचलून धरणं हे त्याचं कामच आहे. बदलायचं ते किलोमीटर आणि महिन्यांच्या हिशोबाने. उरलेलं कारचं ऑइल मात्र मोटारसायकलीत ओतू नका. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि कारच्या कित्येक तेलांतल्या घर्षण कमी करणाऱ्या घटकांमुळे तो घसरू लागतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए-2' असं छापलेलं असलं की झालं.

बुलढाण्याहून मोताळ्याकडे राजूर घाट उतरताना न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे अजून दिसतात. पेट्रोल वाचतं म्हणे. कार्ब्युरेटरच्या गाडीत दोन थेंब वाचतही असतील. पण 2020 च्या एप्रिलपासून, बीएस-6 आल्यापासून, गाड्या इंजेक्शनवर आल्या. अशा गाडीत गिअर टाकलेला ठेवून थ्रॉटल पूर्ण सोडला की संगणक बहुधा पेट्रोल बंदच करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं. म्हणजे वाचतं काहीच नाही, उलट इंजिनाचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. त्यात ब्रेकचं तेल चार वर्षांचं जुनं असेल तर? ते हवेतला ओलावा शोषत राहतं. ताजं डॉट-4 किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावलेल्या तेलाची किमान हद्द 155 वर येते. उकळलं की वाफ होते आणि ब्रेक दाबला तरी हाताला नुसता स्पंज लागतो. दर दोन वर्षांनी ते बदला. टूरवर निघण्याआधी करायच्या कामांत मी हे पॉलिशच्या बरंच वर ठेवीन.

राहिलं सामान. जादा दिवे लावणाऱ्याला वाटतं, जितका उजेड तितकी सुरक्षा. हे दिवे थेट हेडलाइटच्या वायरीला जोडले तर वायर तापते. रिले आणि फ्यूज लागतोच. आणि समोरच्या ट्रकवाल्याचे डोळे दिपले तर तो आपल्याच अंगावर येणार, म्हणून तोंड खाली करून बसवा. जाड मागचा टायर रुबाबदार दिसतो, पण अरुंद रिमवर चढवला की त्याचा आकार बदलतो, वळणावर गाडी जड होते, मायलेज पडतं. सायलेन्सरविषयी न बोललेलं बरं. त्या आवाजाने गाडी वेगाने पळत नाही, शेजारी जागा होतो आणि पावती फाटते.

पेट्यांत जड वस्तू खाली आणि पुढच्या बाजूला ठेवायच्या. मागच्या वरच्या डब्यात हत्यारं, पाण्याचे कॅन असलं काही भरलं की ते वजन मागच्या चाकाच्याही मागे लोंबतं, पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल थरथरतं. डब्याला किती किलो चालतात ते त्याच्या आतच लिहिलेलं असतं आणि तो आकडा बहुधा आपल्या अंदाजापेक्षा लहान निघतो. तिथे रेनकोट, टॉवेल, शेगावची कचोरी, एवढंच.

आणि शेवटी साडीगार्ड. पेटीचा स्टँड बसवताना ते आड येतं, शिवाय ते 'फॅमिली गाडी'चं लक्षण मानलं जातं, म्हणून मिस्त्री पहिल्यांदा तेच काढून कोपऱ्यात टाकतो. ते शोभेचं किंवा ऐच्छिक आहे असं अनेकांना वाटतं. तसं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधल्या 123 व्या नियमानुसार मागे बसायची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायची मूठ, पाय ठेवायची जागा आणि मागचं चाक निम्म्याहून कमी झाकणार नाही असं संरक्षण असावंच लागतं. कारणही त्यात दिलंय, मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत. आपल्याकडे गुरुवारी शेगावला निघालेल्या गाड्यांवर मागे आई असते, बायको असते, अंगावर साडी असते, पदर वाऱ्यावर असतो. तुमच्या गाडीचं साडीगार्ड गॅरेजच्या कोपऱ्यात पडलं असेल तर आज जाऊन ते परत बसवून घ्या, मग पेट्यांचं बघा.