चिठ्ठीवरची तीन अक्षरं

मागच्या पावसाळ्यात आमच्या सासूबाईंचा गुडघा आखडला. डॉक्टरांनी तपासून गोळ्या लिहून दिल्या. राजुऱ्यात औषधाच्या दुकानापुढे उभं राहिलं की मराठी, हिंदी, तेलुगू, मधूनच गोंडीसुद्धा कानावर पडते. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेलं, तेलंगणाच्या सीमेजवळचं हे गाव! पण चिठ्ठीवर यातली एकही भाषा नसते. तिथे असते लॅटिन.

सासूबाईंच्या एका गोळीपुढे लिहिलं होतं 'एस.ओ.एस.'. त्या म्हणाल्या, "अक्षरं तीन, म्हणजे तीनदा." मीही मान डोलावली. चार दिवस रोज तीन गोळ्या, त्यातली सकाळची उपाशीपोटी! पाचव्या दिवशी पोटात अशी आग पडली की गुडघा परवडला म्हणायची वेळ आली. त्या अक्षरांचा अर्थ होता 'सी ओपुस सिट', म्हणजे गरज पडली तरच.

मग मात्र मी एकेक अक्षर समजून घेतलं, आणि गंमत वाटली. ही मंडळी अगदीच परकी नाहीत हो! 'बी.डी.' म्हणजे 'बिस डिए', दिवसातून दोनदा. 'टी.डी.एस.'मधलं 'टेर' म्हणजे तीनदा. 'बिस' हे संस्कृत 'द्विः'चं भावंड, 'टेर' हे 'त्रिः'चं, आणि 'डिए' आपल्या दिवसाच्या नात्यातलं. 'एच.एस.' म्हणजे 'होरा सोम्नी', झोपायच्या वेळी. होरा तर आपल्या ज्योतिषातलीच! मूळची ग्रीक, तिकडे लॅटिनमध्ये गेली, इकडे पंचांगात आली. 'सोम्नी' हा स्वप्नाचा चुलतभाऊ. 'ए.सी.' जेवणाआधी, 'पी.सी.' जेवणानंतर.

पण नात्यावर विसंबून चालत नाही. 'ओ.डी.' म्हणजे बहुधा दिवसातून एकदा. डोळ्यांच्या चिठ्ठीवर मात्र तेच 'उजवा डोळा'! अशा घोटाळ्यांपायी अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेनं २००४ साली 'क्यू.डी.'सारखी काही अक्षरं वापरायलाच मनाई केली.

तेव्हा दुकानातच विचारावं: कधी, किती, जेवणाआधी की नंतर, आणि किती दिवस? 'गरज पडली तर' असेल, तर दिवसाला जास्तीत जास्त किती, हेही. उत्तर तिथल्या तिथे पाकिटावर मराठीत लिहून घ्यावं. मागे गर्दी असली तरी लाजू नये.

परवा सासूबाईच दुकानदाराला म्हणाल्या, "भाऊ, ते होरा-बिरा राहू द्या. सकाळ-संध्याकाळ लिहा."