प्रचारभाषा

प्रचारभाषा : वाचकाचे वा श्रोत्याचे मत, भावना किंवा कृती विशिष्ट दिशेने वळविण्याच्या हेतूने योजलेली भाषा. वृत्तपत्रे, आकाशवाणी, दूरचित्रवाणी, जाहिराती आणि भ्रमणध्वनीवरून पसरणारे संदेश या दैनंदिन माध्यमांत ती आढळते. मन वळविणे हे मूलतः गैर नव्हे. वकिलाचा युक्तिवाद किंवा लसीकरणाचे आवाहन यांतही तोच हेतू असतो. मात्र युक्तिवाद पुरावा पुढे ठेवतो व तो तपासण्यास वाव देतो, आक्षेपार्ह प्रचार पुरावा झाकतो किंवा त्याची गरजच भासू नये अशी शब्दयोजना करतो [⟶ जाहिरात, लोकमत].

तंत्रे : ‘प्रॉपगंडा’ ही संज्ञा पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२२ मध्ये रोम येथे धर्मप्रसारासाठी स्थापिलेल्या मंडळाच्या लॅटिन नावावरून आली. पहिल्या महायुद्धानंतर (१९१४–१८) तिला निंदाव्यंजक अर्थ प्राप्त झाला. न्यूयॉर्क येथे १९३७ मध्ये स्थापन झालेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर प्रॉपगंडा ॲनॅलिसिस’ या संस्थेने प्रचाराची सात तंत्रे सांगितली : दूषण लावणे, मोघम गौरवशब्द, प्रतिष्ठेचे संक्रमण, नामवंतांची साक्ष, सामान्यांपैकीच असल्याचा आव, निवडक तथ्यांची मांडणी आणि ‘सारेच करतात’ हा आग्रह. प्रतिष्ठेच्या संक्रमणाचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण आणीबाणीच्या काळातील (१९७५–७७) आहे. विनोबा भावे यांनी पवनार येथे मौनात असताना लिहिलेले ‘अनुशासन पर्व’ हे शब्द आणीबाणीच्या समर्थनार्थ वापरण्यात आले. अनुशासन आचार्यांचे असते, सत्तेचे असते ते शासन, हा भेद त्यांनी मौन सुटल्यावर स्पष्ट केला. तोपर्यंत संदर्भापासून तुटलेले ते शब्द सर्वत्र पोहोचले होते.

मराठीतील खुणा : मराठीच्या प्रयोगरचनेतही प्रचाराला सोयीच्या जागा आहेत. ‘असे समजते’, ‘बोलले जाते’ या रचनांत सांगणारा अदृश्य होतो. ‘पोलिसांनी लाठीमार केला’ या विधानात कर्ता स्पष्ट असतो. ‘लाठीमार करावा लागला’ यात कर्ता लोपतो आणि कृतीचे समर्थनही क्रियापदातूनच होते. ‘तथाकथित’ हे विशेषण पुराव्याविना संशय निर्माण करते, तर शीर्षकातील प्रश्नचिन्ह विधानाची जबाबदारी न घेता त्याचा परिणाम साधते.

खोडद येथील उदाहरण : संघटित हेतू नसतानाही शब्दांची निवड वाचकाची दिशाभूल करू शकते. पुणे जिल्ह्यातील खोडद (ता. जुन्नर) येथे प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० ॲंटेना असलेली जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या साहाय्याने एका अतिदूरच्या दीर्घिकेतील उदासीन हायड्रोजनचे प्रारण टिपल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले. हे प्रारण सु. ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेले होते. मूळची २१ सेंमी. तरंगलांबी विश्वाच्या प्रसरणामुळे सु. ४८ सेंमी. झाली होती आणि वाटेतील दुसऱ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणामुळे प्रारण सु. ३० पट वर्धित झाले होते. खगोलशास्त्रात मापनयोग्य प्रारणास ‘संकेत’ म्हणतात. लोकव्यवहारात मात्र संकेत म्हटला की तो देणारा कोणीतरी गृहीत धरला जातो. त्याला ‘गूढ’ हे विशेषण जोडताच परग्रहवासीयांची कल्पना आपोआप सुचते. बातमीतील एकही आकडा खोटा नसताना चुकीचा समज पसरू शकतो, तो असा.

परिणाम : अशा समजाने फारसे नुकसान होत नाही; भयाला आवाहन करणारा मजकूर मात्र प्राणघातक ठरतो. मुले पळविणाऱ्या टोळ्यांविषयीच्या अफवा २०१८ मध्ये भ्रमणध्वनीवरील संदेशांतून पसरल्या. १ जुलै २०१८ रोजी राईनपाडा (ता. साक्री, जि. धुळे) येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भटक्या भिक्षेकऱ्यांना संशयावरून जमावाने ठार मारले. भय, तातडी व ‘सर्वांना पाठवा’ हा आग्रह या अशा संदेशांच्या नेहमीच्या खुणा असून त्यांत स्थळ, काळ व सांगणारा बहुधा अनिश्चित असतात.

पारख : मजकूर कोणाचा व त्याचा लाभ कोणाला, कर्ता सांगितला आहे की लपविला आहे, विशेषणे वगळल्यावर कोणते तपासण्याजोगे विधान उरते आणि कोणती बाजू गाळली आहे, हे चार प्रश्न पारखण्यास उपयोगी पडतात. प्रचारतंत्र ओळखता आले म्हणून मूळ विधान खोटे ठरत नाही. खरी गोष्टही प्रचारभाषेत सांगितली जाते. तसेच, न पटणाऱ्या मजकुरातील तंत्रे सहज दिसतात, पटणाऱ्या मजकुरातील नजरेआड होतात. म्हणून हे प्रश्न प्रथम आपल्याला पटलेल्या मजकुरास विचारणे आवश्यक ठरते.