ओसीआय कार्डावरची तारीख आणि एमडीची जागा

आज एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवूनच बोलूया. आईवडील भारतीय, नोकरीनिमित्त अमेरिकेत. मुलगी तिथं जन्मली, म्हणून अमेरिकी नागरिक झाली. ती तीन वर्षांची असताना कुटुंब पुण्याला परतलं. शाळा इथली, एमबीबीएस इथलं, हातात ओसीआय कार्ड. आता तिला एमडी करायचंय. अर्ज कुठल्या जागेसाठी करायचा?

या कार्डाच्या नावात ‘नागरिक’ शब्द आहे, पण ते नागरिकत्व नव्हे. इथंच पुष्कळांची गल्लत होते. कार्डधारकाला कोणते हक्क, हे नागरिकत्व कायद्याच्या कलम ७ब खाली केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवतं. २००५ साली शिक्षणाच्या बाबतीत त्यांना एनआरआयच्या बरोबरीला बसवलं गेलं. एनआरआय म्हणजे शेवटी परदेशात राहणारा भारतीय नागरिकच ना? त्यामुळे सर्वसाधारण जागांचं दारही उघडं होतं.

४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनं ते दार लावलं. नीट किंवा तशा अखिल भारतीय परीक्षा द्या, पण प्रवेश ‘फक्त’ एनआरआय किंवा अधिसंख्य जागेवर. या एका ‘फक्त’नं सगळा वाद पेटला. एनआरआय जागा मुख्यतः खाजगी महाविद्यालयांत, आणि शुल्क कित्येक पट. आमच्या उदाहरणातली मुलगी तर पदवीपर्यंत येऊन पोचलेली. तिनं मागं कुठं जायचं?

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३ फेब्रुवारी २०२३ ला न्या. बोपण्णा आणि न्या. रविकुमार यांनी निकाल दिला. हे हक्क मूलभूत नाहीत, कायद्यानं दिलेले आहेत, तेव्हा सरकार ते बदलू शकतं, अधिसूचना वैध. मात्र ती पुढच्यांना लागू. ४ मार्च २०२१ पूर्वी ज्यांना कार्ड मिळालं, त्यांचे जुने हक्क कायम.

आम्हाला हा निकाल न्याय्य वाटतो, तरी एक गोष्ट खटकते. थोरल्या भावाचं कार्ड २०१५ चं, धाकटीचं एप्रिल २०२१ चं. घर एक, शाळा एक, पण जागा वेगळ्या.

धाकटीला वाट अजिबात नाही असं नाही. कलम ५(१)(छ) प्रमाणे सज्ञान व्यक्ती, ओसीआय नोंदणीला पाच वर्षं झाली आणि अर्जाआधी बारा महिने इथं वास्तव्य असेल, तर भारतीय नागरिकत्व मागू शकते. त्यासाठी अमेरिकी पासपोर्टवर मात्र पाणी सोडावं लागतं, आणि हा निर्णय प्रवेशफेरीच्या आदल्या आठवड्यात घेऊन भागत नाही.