घाण्याची लय आणि यंत्राचा ठेका

शनिमाहात्म्याच्या पोथीत विक्रम राजाची जी कथा आहे, तिच्यातील एका प्रसंगाकडे वाचकांचे सहसा लक्ष जात नाही. साडेसातीच्या फेऱ्यात सापडलेला, चोरीच्या आळामुळे हात-पाय गमावून बसलेला हा राजा एका तेल्याच्या आश्रयाला जातो. तेली त्याला घाण्यावर बसवतो. बैल फिरत राहतो, लाट करकरत राहते आणि त्या वर्तुळाकार, कंटाळवाण्या गतीवर तो राजा गाऊ लागतो. त्याच्या दीपरागाने नगरातील दिवे उजळतात, ते पाहून राजकन्या त्या गायकाचा शोध घेते आणि कथेला वळण लागते. शनिशिंगणापूरच्या उघड्या चौथऱ्यावरील शिळेवर तेलाची धार धरणाऱ्या हजारो भाविकांना ही कथा तोंडपाठ असते. परंतु राजाचे हे गाणे राजसभेत झाले नाही, बैठकीतही झाले नाही. ते एका यंत्राच्या ठेक्यावर झाले, ही गोष्ट पोथी वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटते.

लोकगीत आणि यंत्र यांचा संबंध हा असा जुना आहे. जात्यावरची ओवी घ्या. दगडाच्या दोन तळ्यांची घरघर हीच तिची साथ आणि खुंट्याला पडणारा वेढा हाच तिचा ताल. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रातील गावोगाव हिंडून अशा लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. तो संग्रह आज उपलब्ध आहे म्हणून त्या ओव्यांची श्रीमंती किती होती याची कल्पना तरी येते. पण याच ओवीचा शेवटही यंत्रानेच केला. गावात पिठाची गिरणी आली, पट्ट्याची फटफट सुरू झाली आणि पहाटेचे दळण संपले, त्याबरोबर पहाटेचे गाणेही संपले. एका यंत्राला माणसाचा गळा हवा होता. दुसऱ्याला तो नको होता. लोकसंगीत आणि विजेवर चालणारे नृत्यसंगीत यांच्या आजच्या मिलाफाविषयी जो वाद चालतो, त्यात हा भेद ध्यानात घेतला तर पुष्कळसा गोंधळ टळेल.

शिंगणापूर हे नाव नेवासे तालुक्याबाहेर सर्वदूर पोहोचले तेही एका यंत्रामुळेच. नव्वदीच्या दशकात गुलशन कुमार यांनी सूर्यपुत्र शनिदेवावर चित्रपट काढला आणि या गावाची कीर्ती हिंदी मुलखात गेली. दारांना कवाडे नसलेले गाव म्हणून त्याचे कौतुक होतेच. २०११ साली एका राष्ट्रीयीकृत बँकेने येथे कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा तर वृत्तपत्रांनी त्याला पहिल्या पानावरही जागा दिली. ज्या गावात घरांनाच दारे नाहीत तेथे आवाजाला तरी दार कोठून असणार? शनिअमावास्येच्या यात्रेत रुईच्या माळा, काळे उडीद आणि तेल यांच्याबरोबर कानावर आदळते ते ध्वनिक्षेपकावरचे गाणे. त्यातील शब्द शनिदेवाचे असतात, चाल कधी कोण्या चित्रपटाची असते आणि ठेका विजेच्या पेटीतून निघालेला असतो.

या सर्वांचे मूळ कॅसेटमध्ये आहे. ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेट निघाली आणि संगीताच्या बाजारावरची दोन-चार बड्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ साली या उलथापालथीवर एक ग्रंथच लिहिला. महाराष्ट्रात तिचे फळ कोणाला मिळाले, हे पाहण्यासारखे आहे. प्रल्हाद शिंदे यांच्यासारखा खड्या, मोकळ्या गळ्याचा गायक विठ्ठलाची गाणी, कव्वाली आणि भीमगीते एकाच ताकदीने गात घरोघर पोहोचला. त्यांचे पुत्र आनंद शिंदे यांच्या आवाजातील पोपटाच्या गाण्याने ऐंशीच्या दशकात लग्नाच्या वराती गाजवल्या. ज्या वस्त्यांतील आवाजाला सभागृहाची पायरी चढू दिली जात नव्हती, तो आवाज या प्लास्टिकच्या डबीने रस्त्यावर आणला. अभिरुचीच्या रखवालदारांनी नाके मुरडली; परंतु ती मुरडण्यात संगीताचा विचार किती होता आणि वस्तीचा किती, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नाही.

शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांनी आपल्या वाद्यांची कुळी तपासून पाहावी. कीर्तनकाराच्या मागे वाजणारी पेटी युरोपातून आली. तिच्या सुरांत भारतीय श्रुती बसत नाहीत म्हणून आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकवली. या काळात भजनीमंडळांनी मात्र पेटी एक दिवसही खाली ठेवली नाही. मिरवणुकीत वाजणारा बेंजो हा मूळचा जपानचा. नागोया शहरात १९१२ साली मोरिता नावाच्या गृहस्थाने टंकलेखन यंत्रासारख्या कळा बसवून जे तंतुवाद्य घडवले, त्याचा हा मराठी अवतार. वरातीतील क्लॅरोनेट पलटणीच्या बँडमधून आले. संगमनेरसारख्या ठिकाणच्या तमाशाच्या फडांनी ढोलकी-तुणतुण्याच्या शेजारी विजेवरचा की-बोर्ड आणि ऑक्टोपॅड मांडला, तो प्रेक्षक टिकवण्यासाठी. ज्या संगमनेरात अनंत फंदीची लावणी घडली, तेथेच हे व्हावे यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. लोककला उपाशी पोटी शुद्ध राहत नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडते असेही नव्हे. अमेरिकेतील कंट्री संगीत म्हणजे तिकडच्या डोंगराळ भागातील, मळ्यांतील आणि लहान गावांतील लोकांचे गाणे. बँजो, फिडल आणि गिटार ही त्याची वाद्ये. १९९४ साली रेडनेक्स या स्वीडिश मंडळींनी तिकडचे एक जुने लोकगीत उचलून त्याला नृत्यगृहाचा ठेका जोडला आणि ते युरोपभर वाजले. त्यात गावाची थट्टा अधिक आणि आस्था कमी होती. दुसरा प्रयोग अधिक गंभीर. अविची या नावाने गाजलेल्या टिम बर्गलिंग या स्वीडिश तरुणाने मार्च २०१३ मध्ये मायामीच्या मोठ्या नृत्यमहोत्सवात बँजो आणि गिटार वाजवणारे हाडामांसाचे वादक मंचावर आणले. यंत्राच्या तालावर नाचायला आलेला समुदाय गोंधळला, काहींनी हुर्यो केली. तेच गाणे त्या वर्षीच्या उन्हाळ्यात देशोदेशी पहिल्या क्रमांकावर जाऊन बसले. हुर्यो करणारे आणि नंतर त्यावर नाचणारे लोक वेगवेगळे असतील असे मानण्याचे कारण नाही.

मराठीत याच्या जवळ जाणारी उदाहरणे दोन. २०१६ साली ‘सैराट’ आला. अजय-अतुल यांनी त्यासाठी लॉस एंजेलिसला जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला आणि त्याच चित्रपटातील ‘झिंगाट’ने महाराष्ट्रातील प्रत्येक वरात ताब्यात घेतली. दुसरे उदाहरण २०२४ चे. क्रेटेक्स या नावाने वावरणारा कृणाल घोरपडे आणि शब्दकार-गायक श्रेयस सागवेकर यांचे ‘तांबडी चामडी’ हे गाणे स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीने प्रसिद्ध केले. नृत्यगृहांतील संगीताच्या जगात दबदबा असलेल्या या संस्थेने मराठी शब्द स्वीकारावेत, ही घटना लहान नव्हे. ‘मराठी हाउस’ असे या प्रकाराला नाव पडले आहे. शिकागोच्या कृष्णवर्णीय वस्तीत ऐंशीच्या दशकात जन्मलेला हाउसचा ठेका मराठी बोलीच्या अंगावर कसा बसतो, हे ज्याला ऐकायचे असेल त्याने ते मोकळ्या मनाने ऐकावे. मराठीचे ट, ड, ळ, च हे कठोर वर्ण तालवाद्यासारखे वाजतात, हा त्यातील शोध खरा आहे. शाहिरांना तो पूर्वीच ठाऊक होता.

मग आक्षेप घ्यायचा तो कशाला? यंत्राला नव्हे, यंत्राच्या आळसाला. हाउसमध्ये प्रत्येक आवर्तनात चार सारखे ठोके पडतात आणि त्यांचा वेग मिनिटाला साधारण एकशेवीस ते एकशेतीस असा आरंभापासून अखेरपर्यंत कायम राहतो. आपल्या कोळीगीतांची आणि गोंधळाच्या कितीतरी पदांची चाल सहा मात्रांची, झोकांडी खात जाणारी. ती चार ठोक्यांच्या चौकटीत कोंबली की तिचा झोका जातो आणि उरते ती कवायत. भजन असो, भारूड असो, ते संथ सुरू होते, अंगात भिनत जाते आणि अखेरीस टाळकऱ्यांसह द्रुत लयीला पोहोचते; हा चढ म्हणजेच त्याचा अर्थ. पहिल्या क्षणापासून एकाच वेगाने धावणाऱ्या गाण्याला चढायला जागाच नसते. हलगीवाला वाजवण्यापूर्वी विस्तवावर कातडे शेकतो, आणि रात्र सरत जाते, दव पडते, तसा त्याचा आवाज बदलत जातो. ढोलकीचा बोल घुमतो, वळतो, गायकाच्या श्वासासाठी थांबतो. झीलकरी शाहिराची ओळ उचलतात ती कधी किंचित आधी, कधी किंचित उशिरा. संगणकात भरलेली एक थाप हजार वेळा उमटते ती हजारही वेळा तशीच. हे सर्व टाळता येत नाही असे मुळीच नाही. ज्याच्या कानाला ही गोष्ट समजते तो यंत्रालाही झोकांडी खायला लावतो. पण स्वस्तात काम उरकणारा कारागीर ते श्रम घेत नाही, आणि यात्रेच्या रस्त्यावर बहुतेक माल त्याचाच असतो.

याहून महत्त्वाची बाब पैशाची आहे आणि तिच्याविषयी सुशिक्षित मंडळी फारशी बोलत नाहीत. जुन्या लोकगीताला कर्ता नसतो. कॅसेटवर आणि आता मोबाइलच्या पडद्यावर त्याच्यापुढे ‘पारंपरिक’ एवढा एकच शब्द छापला जातो. तो शब्द छापला की चाल फुकट मिळते. त्या चालीवर ठेका चढवणाऱ्याचे नाव मात्र नवनिर्माता म्हणून झळकते, आणि गाणे चालले तर उत्पन्नही त्याच्याकडे जाते. कायदा अगदीच आंधळा आहे असे नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली दुरुस्ती होऊन गायक-वादकांच्या सादरीकरणाच्या हक्काला खरे बळ मिळाले. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापराच्या मोबदल्यात त्यांचा वाटा मान्य झाला, आणि आपले नाव जोडले जावे हा कलावंताचा नैतिक अधिकारही नोंदला गेला. परंतु हा हक्क मागायचा कोणी? ध्वनिमुद्रणगृहात एका दुपारी बसून संबळाचे शंभर तुकडे वाजवून देणारा वादक रोजाचे पैसे घेऊन घरी जातो. ते तुकडे पुढे कोणकोणत्या गाण्यांत जातील याचा कागद त्याच्या हाती नसतो. हलगी ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाजवली त्या समाजाला गावकीने हे काम लादले, त्याबद्दल त्यांना वेशीबाहेर ठेवले. आता त्यांच्याच वाद्याचा आवाज पेटीत भरून शहरात विकला जातो आणि वाजवणारा पुन्हा एकदा वेशीबाहेरच राहतो. यात संस्कृतीची हानी किती हे मोजणे अवघड, मजुरीची हानी मात्र सहज मोजता येईल.

आवाजाच्या मर्यादेचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबल ही सीमा घातली, आणि रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद ठेवण्यास सांगितले. ठरावीक सणांसाठी मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, तीही वर्षातून पंधरा दिवसांपुरती. नियम स्पष्ट आहेत. ट्रकवर भिंतीसारखे रचलेले कर्णे ते पाळत नाहीत, एवढेच. या कर्ण्यांचा सर्वांत मोठा दोष असा की त्यांच्या पन्नास पावलांच्या आत दुसरे कोणतेही वाद्य ऐकूच येत नाही. हलगीचा ताफा आणि असा ट्रक एकाच मिरवणुकीत ठरवलेला असेल, तर ताफ्याला पुढे बरेच अंतर राखून चालावे लागते, नाहीतर हातातील टिपरू खाली ठेवून उभे राहावे लागते. पुढच्या वर्षी वर्गणीचा हिशेब करताना मंडळाची पोरे विचारतात, ऐकू येत नाही त्या ताफ्याला सुपारी द्यायची कशाला?