पुस्तकाविषयी आपले मत

पुस्तक वाचून झाले की कुणीतरी विचारतो, "कसं आहे?" आपण म्हणतो, "चांगलं आहे," आणि पुस्तक परत करतो. एवढ्याला मत म्हणायचे का? मुदखेडचा फूलशेती करणारा शेतकरी मोगऱ्याला नुसते "चांगला" म्हणून थांबत नाही. कळी केवढी, वास किती, बाजारात पोचेपर्यंत फूल टिकेल का, हे सगळे तो सांगतो. मग पुस्तकापाशीच आपली जीभ का अडखळावी?

मत देणे हे विद्वानांचे काम, अशी आपली समजूत असते. पण मत म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे. पुस्तकात काय आहे, ते वाचून मला काय वाटले आणि तसे का वाटले, या तीन प्रश्नांची उत्तरे म्हणजे मत. पहिले उत्तर पुस्तकात सापडते, दुसरे आपल्या मनात. तिसऱ्यासाठी या दोहोंची गाठ घालावी लागते. खरी मेहनत तिथेच आहे.

शिवाय सगळ्या पुस्तकांना एकच माप लावून चालत नाही. शेतीच्या पुस्तकाला विचारावे, हे माझ्या रानात, माझ्या पाण्यावर जमेल का? आत्मचरित्राला विचारावे, लिहिणाऱ्याने स्वतःचीही गय केली नाही ना? कवितेला मात्र लगेच अर्थ विचारू नये, आधी ती मोठ्याने म्हणून पाहावी. ऐतिहासिक कादंबरीला दोन प्रश्न हवेत: माणूस जिवंत झाला का, आणि पुराव्याचे काय?

हा दुसरा प्रश्न कसा विचारावा, हे आपल्या नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी (१९३२–१९८२) दाखवले. रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ची प्रस्तावना म्हणजे कुरुंदकरांनी लेखकाला लिहिलेले दीर्घ पत्रच आहे. त्यात नुसती वाहवा नाही. शिवचरित्राच्या साधनांचा आणि त्यांतल्या अडचणींचा त्यांनी बारकाईने विचार केला आहे. आदर आणि चिकित्सा एकाच पत्रात नांदू शकतात, हे त्यावरून कळते.

मते जुळली नाहीत तरी बिघडत नाही. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' आले, तेव्हा काहींना त्यात प्रथमच दलित वस्तीतले जगणे उघड्या डोळ्यांनी पाहायला मिळाले. उलट त्याच समाजातल्या काही सुशिक्षितांना वाटले, घरातली दुखणी अशी चारचौघांत कशाला मांडायची? दोन्ही मतांमागे अनुभव होता. म्हणून "असं लिहूच नये" म्हणणाऱ्यालाही शांतपणे विचारावे, "तुम्हाला नेमके काय बोचले?" तिथून चर्चा सुरू होते, नाहीतर नुसते भांडण होते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवावेसे वाटते. आपले मत फळ्यावर लिहून मुलांकडून उतरवून घेऊ नका. परीक्षेत त्याला गुण मिळतील, पण मूल दुसऱ्याच्या तोंडाने बोलायला शिकेल. पुढे मतपेटीपाशीही ते तसेच वागेल. वर्गात एक वही ठेवा. वाचलेल्या पुस्तकाविषयी प्रत्येकाने पाचच ओळी लिहाव्यात, त्यांत एकदा तरी "कारण" हा शब्द यावा. "आवडलं नाही" असे लिहिणाऱ्याला रागावू नका, कारण तेवढे विचारा. गावच्या वाचनालयातही अशी वही ठेवता येईल. पुढचा वाचक ती चाळेल आणि बहुधा आपल्या मतापेक्षा वेगळे काही लिहील. लिहू द्यावे.