विरल वायूतील आघात तरंग : एक प्रायोगिक विवेचन

वायू हे संतत माध्यम आहे, या गृहीतावर नाव्हिये-स्टोक्स समीकरणे उभी आहेत. समुद्रसपाटीवर हवेच्या रेणूचा दोन टकरींमधील सरासरी मुक्त पथ सुमारे ०.०७ मायक्रोमीटर असल्याने हे गृहीत तेथे निर्धोक ठरते. सुमारे १०० किलोमीटर उंचीवर मात्र हाच पथ दहा सेंटिमीटरच्या घरात जातो. मुक्त पथ आणि वस्तूची लांबी यांच्या गुणोत्तरास नूडसेन अंक म्हणतात. तो साधारणतः ०.१ ते १० या दरम्यान असता प्रवाह धड संतत नसतो आणि पूर्णतः मुक्तरेणवीयही नसतो. छ्येन श्वेसन यांनी १९४६ साली अशा प्रवाहांचे वर्गीकरण मांडले. पृथ्वीकडे परतणारे अंतराळयान याच संक्रमणावस्थेतून जाते. तेथे उष्णता व बल यांचा अंदाज चुकणे परवडणारे नसते.

समीकरणे नेमकी कोठे मोडतात हे पाहण्यास आघात तरंगाइतके सोयीचे उदाहरण नाही. नेहमीच्या दाबाला प्रबळ तरंगाची जाडी मायक्रोमीटरहूनही कमी असल्याने त्याची अंतर्रचना मोजणे दुरापास्त होते. दाब ७ पास्कलच्या आसपास उतरविला, की मुक्त पथ सुमारे १ मिलिमीटर होतो आणि तरंगही काही मिलिमीटर जाड होतो. विरलता येथे जणू भिंगाचे काम करते. परंतु प्रवाहात तार किंवा नळी घातली, तर तीच प्रवाह बिघडविते. यास्तव आघात नलिकेत इलेक्ट्रॉन शलाका आडवी सोडून तिचे शोषण मोजण्याची पद्धत मोलाची ठरली. आल्समायर यांनी १९७६ मध्ये या पद्धतीने आरगॉन व नायट्रोजनमधील घनता-आलेख प्रसिद्ध केले. त्यांची व्याप्ती माख अंक सुमारे १.५ पासून आरगॉनसाठी ९ व नायट्रोजनसाठी १० पर्यंत होती.

दुर्बल तरंगांत समीकरणे मापनाशी जुळतात. माख २ च्या पुढे मात्र ती तरंग प्रत्यक्षापेक्षा बराच पातळ दाखवितात. श्यान बल स्थानिक वेग-प्रवणतेच्या प्रमाणात असते, हे गृहीत मोजक्या मुक्त पथांत सारे गुणधर्म पालटत असताना टिकत नाही. तरंगाच्या आत थंड, वेगवान आणि तप्त, मंद असे दोन रेणुसमूह मिसळलेले असतात, ही कल्पना मॉट-स्मिथ यांनी १९५१ मध्येच मांडली होती.

सिडनी विद्यापीठातील ग्रीम बर्ड यांनी १९६३ पासून विकसित केलेली मॉन्टे कार्लो पद्धत रेणूंच्या टकरी संगणकावर यादृच्छिकपणे घडवून प्रवाह काढते. तिचे निष्कर्ष आल्समायर यांच्या मापनांशी चांगले जुळतात. तरीही संगणकाने प्रयोग अनावश्यक केला, हे म्हणणे घाईचे होईल. आरगॉन एकाण्विक असल्याने त्याचे गणित तुलनेने सरळ आहे. नायट्रोजनच्या रेणूत मात्र टकरीची ऊर्जा घूर्णनाकडेही वळते. किती टकरींनंतर ती तेथे पोहोचते, हे प्रमाण मापनांच्या आधारेच पारखून घ्यावे लागते.