पडद्यावरील मराठी : सॉफ्टवेअरमधील सूचनांच्या भाषेचा विचार

भाषेच्या अभ्यासात काव्य, कथा, निबंध यांची भाषा तपासली जाते. बोलींचीही नोंद घेतली जाते. परंतु मोबाइलच्या वा संगणकाच्या पडद्यावर बटणांवर, रकान्यांच्या शिरोभागी आणि चूक झाल्यावर उमटणाऱ्या संदेशांत जी दोन-चार शब्दांची वाक्ये असतात, त्यांच्याकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः आज अनेक मराठी भाषकांचे दैनंदिन वाचन बव्हंशी याच वाक्यांचे असते. ही वाक्ये सुबोध कशी होतात आणि एकाच उत्पादनाची म्हणून ती एका स्वरात कशी बोलू शकतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

या विचारासाठी भिवंडी हे उचित स्थळ होय. यंत्रमागांच्या आणि गोदामांच्या या नगरात मराठीबरोबर उर्दू, हिंदी आणि तेलुगू नित्य कानी पडतात. मराठीतही आगरी आणि कोकणी मुसलमानांची बोली अशी भिन्न रूपे नांदतात. मागवाल्याचा हिशेब पूर्वी वहीत राहत असे. आता सूत किती आले, तागे किती उतरले, मजुरी किती झाली, याच्या नोंदी पुष्कळ ठिकाणी पडद्यावर होतात. १ एप्रिल २०१८ पासून ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा माल परराज्यात धाडण्यासाठी ई-वे बिल आवश्यक झाले. डिसेंबर २०१६ मध्ये भीम हे ॲप आल्यावर पैशांची देवघेवही बोटाच्या स्पर्शाने होऊ लागली. अशा स्थितीत एखाद्या बटणावरील शब्दाचा अर्थ चुकीचा लागला, तर त्याचे मोल रोकडीत मोजावे लागते.

या वाक्यांचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. काही वाक्ये घटनेचे वर्णन करीत नाहीत, तर उच्चारण हीच त्यांची कृती असते, असे जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत प्रतिपादिले. बटणावरील वाक्य या जातीचे आहे. ‘पैसे पाठवा’ हे वाचून बोट टेकवले की पैसे गेलेले असतात. तेव्हा अशा वाक्यात संदिग्धता राहिली, तर ऐकणाऱ्याने पुन्हा विचारावे ही संभाषणातील सोय तेथे उपलब्ध नसते. वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन गोष्टी आपल्या शास्त्रकारांनी आवश्यक मानल्या आहेत. पडद्यावर संनिधीच अनेकदा भंगते. प्रश्न वर असतो, उत्तराचे बटण खाली असते आणि घाईत असलेला मनुष्य केवळ बटण वाचतो. म्हणून बटणावरील शब्द एकटा वाचला तरी त्याची आकांक्षा पुरी झाली पाहिजे.

याचे उदाहरण म्हणून ‘रद्द करा’ हा प्रयोग घेता येईल. एखाद्या मागवाल्याने सुताची मागणी नोंदवली आणि नंतर ती मागे घेण्याचे ठरवले, असे समजू. पडद्यावर प्रश्न येतो, ‘मागणी रद्द करायची आहे का?’ आणि त्याखाली दोन बटणे असतात : ‘ठीक आहे’ व ‘रद्द करा’. इंग्रजी मांडणीत दुसऱ्या बटणाचा हेतू ‘हा प्रश्न मागे घ्या’ असा असतो. मराठी वाचक मात्र त्याचा सरळ अर्थ घेतो, ‘रद्द करा’ दाबतो आणि मागणी तशीच राहते. चार दिवसांनी नको असलेले सूत दाराशी येऊन उभे राहते. येथे दोष वाचकाचा नाही. शब्द अचूक आहेत, पण त्यांची योजना चुकली आहे. ‘मागणी रद्द करा’ आणि ‘मागणी राहू द्या’ अशी बटणे केली की प्रश्न न वाचताही अर्थ कळतो. क्रियापदासोबत त्याचे कर्म द्यावे, आणि दोन पर्यायांत एकच क्रियापद दोन अर्थांनी वापरू नये, हा नियम यातून निघतो.

दुसरी अडचण मराठीच्या प्रकृतीतून उद्भवते. सॉफ्टवेअरमध्ये वाक्याचा सांगाडा तयार असतो आणि रिकाम्या जागी नाव भरले जाते. ‘___ला माल पाठवला’ असा सांगाडा केला, तर भिवंडीला, मालेगावला, इचलकरंजीला, सोलापूरला ही सर्व रूपे निर्दोष येतात. यंत्रमागाची ही चारही केंद्रे परीक्षेत उत्तीर्ण होतात आणि रचना बिनचूक असल्याचा समज होतो. मग एके दिवशी माल ठाण्याला जातो आणि पडद्यावर ‘ठाणेला’ उमटते. पुण्याचे ‘पुणेला’ होते. सामान्यरूपाचा नियम यंत्राला ठाऊक नसल्याने हे घडते. यावर उपाय म्हणजे प्रत्यय टाळणारी रचना करणे. ‘ठाणे येथे माल पाठवला’ असे म्हणता येते, किंवा ‘पाठवण्याचे ठिकाण : ठाणे’ अशी मांडणी करता येते. दोन्हींत नाम मूळ रूपात राहते.

लिंग आणि वचन यांचेही असेच आहे. ‘तागा नोंदवला’, ‘पावती नोंदवली’, ‘बिल नोंदवले’ या तीन वाक्यांना एकच सांगाडा पुरत नाही. ‘नोंद झाली’ असे म्हणून पुढे वस्तूचे नाव दिले, तर क्रियापद ‘नोंद’ या एकाच स्त्रीलिंगी नामाशी जुळते आणि प्रश्न सुटतो. एक तागा व दोन तागे, एक पावती व दोन पावत्या असा भेद यंत्राला शिकवावा लागतो. पण ‘माग’ हा शब्द दोन्ही वचनांत सारखाच राहत असल्याने केवळ त्यावर चाचणी घेतली तर उणीव झाकलेली राहते. वापरणाऱ्याच्या लिंगाबाबत मात्र मराठी साहाय्यक ठरते. ‘तुम्ही बाहेर पडला आहात’ हे वाक्य स्त्रीला परके वाटते. ‘तुम्ही पैसे पाठवले’ यात क्रियापद कर्माशी जुळत असल्यामुळे कर्त्याच्या लिंगाचा प्रश्नच उरत नाही.

शब्दांच्या निवडीचा प्रश्न मराठीला नवा नाही. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने शासनव्यवहारासाठी परिभाषा सिद्ध केली. आणि सॉफ्टवेअरमध्ये वारंवार येणाऱ्या शब्दांत एकवाक्यता यावी म्हणून भारतीय भाषांसाठी २००८ मध्ये फ्युएल या प्रकल्पाचा आरंभ झाला. या सर्व प्रयत्नांतून आलेले काही शब्द रूढ झाले, काही कोशातच राहिले. भिवंडीच्या बाजारपेठेत कान दिला तर एक गोष्ट स्पष्ट होते. जमा, बाकी, रक्कम, तारीख, मंजूर, वसूल, हिशेब हे फारसी-अरबी मूळ असलेले शब्द मराठीत पूर्णपणे मुरलेले आहेत आणि उर्दू भाषकालाही ते आपलेच वाटतात. तेव्हा मागवाल्यासाठी लिहिताना ‘देयकाची प्रलंबित राशी’ यापेक्षा ‘बिलाची बाकी’ हे अधिक शुद्ध मराठी होय, कारण ते अधिक लोकांचे मराठी आहे. पासवर्ड, ओटीपी हे शब्दही याच न्यायाने ठेवावेत. मात्र एकदा निवडलेला शब्द सर्वत्र तोच राहिला पाहिजे. एका पानावर ‘बाकी’, दुसऱ्यावर ‘येणे’ आणि तिसऱ्यावर ‘थकबाकी’ असे लिहिल्यास वाचक तीन निरनिराळ्या रकमा शोधू लागतो. ललित लेखनात पुनरुक्ती हा दोष असेल; येथे तो गुण आहे.

आता स्वराचा विचार करू. उत्पादनाची ओळख त्याच्या चिन्हावरून व रंगावरून होते, तशीच त्याच्या बोलण्याच्या रीतीवरूनही होते. मराठीत हा निर्णय सर्वनामापासूनच घ्यावा लागतो. ‘तू’ जवळीक दाखवतो, परंतु हिशेबाच्या व्यवहारात तो उद्धट वाटेल. ‘आपण’ आदरार्थी खरा, पण बोलणाऱ्यासह सर्वांचाही निर्देश करीत असल्याने ‘आपण रक्कम भरू शकता’ आणि ‘आपण रक्कम भरू’ यांत घोटाळा संभवतो. बहुधा ‘तुम्ही’ हाच मध्यम मार्ग ठरतो. एका पडद्यावर ‘तुम्ही’ व दुसऱ्यावर ‘आपण’ आले, की दोन निरनिराळी माणसे बोलत असल्याचा भास होतो आणि विश्वास डळमळतो.

स्वराची खरी कसोटी चूक झाल्यावर लागते. ‘अवैध माहिती. पुन्हा प्रयत्न करा.’ या वाक्यात दोषारोप आहे, मार्गदर्शन नाही. ‘मोबाइल क्रमांकात १० अंक हवेत. येथे ९ आहेत.’ हे वाक्य कोणाला दूषण देत नाही आणि पुढे काय करावे हेही सांगते. पैसे अडकले असतील तर प्रथम पैशांचे सांगावे, कारण नंतर द्यावे. ‘पैसे खात्यातून गेलेले नाहीत’ हे एक वाक्य वाचल्यावाचून मनुष्य कारणमीमांसा वाचत नाही. आनंदाच्या संदेशात थोडा खेळकरपणा चालेल. हानीच्या संदेशात तो क्रूर वाटतो. स्वर एक असला तरी प्रसंगाप्रमाणे त्याची पट्टी बदलली पाहिजे.

या गोष्टी क्षुल्लक भासल्या तरी त्यांचा परिणाम दूरगामी आहे. मराठी पर्याय निवडलेल्या मागवाल्याला दोनदा अर्थ लागला नाही, तर तो तक्रार करीत नाही. तो पुन्हा इंग्रजीकडे वळतो. असे पुष्कळांनी केले की मराठीला वाचक नाहीत असा निष्कर्ष काढला जातो, आणि त्या निष्कर्षाच्या आधारे पुढील सॉफ्टवेअरमध्ये मराठी वगळली जाते. मराठीच्या वापराचे क्षेत्र अशा रीतीने, कोणीही विरोध न करता, आकसू शकते. सामान्यरूप, लिंगवचन, संबोधन आणि शब्दसंपदेचे स्तर हे भाषाविज्ञानाचे नित्याचे विषय आहेत. त्यांचे ज्ञान पडद्यावरील या दोन-चार शब्दांपर्यंत पोहोचवणे, आणि ते शब्द पेठेत हिशेब करणाऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घेऊन तपासणे, हे विद्यापीठीय अभ्यासाचे अंग मानले गेले पाहिजे.